गिऱ्हाईक न मिळालेले क्षेपणास्त्र

डीएफ-१५ हे क्षेपणास्त्र चिनी सैन्याने मागितलेलेच नव्हते. सैन्याची गरज, मग आराखडा, मग चाचण्या आणि शेवटी तुकडीत भरती, हा शस्त्रांचा नेहमीचा प्रवास असतो. याचा उलटा झाला. आधी ते बाजारात मांडले गेले, गिऱ्हाइकांनी चौकशा केल्या, बोलणी जुळत आली आणि फिसकटली, आणि अखेर घरच्याच सैन्याने माल उचलला. पुढे याच मालाने तैवानच्या एका निवडणुकीवर सावट आणले, अमेरिकेच्या दोन विमानवाहू ताफ्यांना हलायला लावले आणि आशियातल्या निम्म्या सैन्यांना आपापले नकाशे पुन्हा आखायला लावले. एवढे सगळे करताना ते युद्धात मात्र एकदाही डागले गेलेले नाही.

गोष्ट १९८०च्या दशकातली. डेंग शियाओपिंग यांनी सैन्याला सांगून टाकले होते की आधी अर्थव्यवस्था, तुमची पाळी नंतर. १९८५ मध्ये दहा लाख सैनिक कमी करण्याचा निर्णय जाहीर झाला. शस्त्रकारखान्यांच्या ऑर्डरी आटल्या. पण चीनमधला सरकारी कारखाना म्हणजे नुसता कारखाना नसे. कामगारांच्या वसाहती, पोरांच्या शाळा, दवाखाने, निवृत्तांची पेन्शने, सगळे त्याच्याच गळ्यात. मग कोणी मोटारसायकली बनवू लागले, कोणी पंखे, कोणी फ्रिज. ज्यांच्याकडे रॉकेटे होती त्यांनी रॉकेटे विकायला काढली.

गिऱ्हाईक कुठे आहे हेही दिसत होते. इराण आणि इराक १९८० पासून एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि पश्चिम आशियात सोव्हिएत बनावटीच्या स्कडला मागणी होती. स्कड मात्र जुने. पल्ला जेमतेम ३०० किलोमीटर, आणि इंधन द्रवरूप. नायट्रिक ॲसिडच्या जातीचे जळजळीत, विषारी रसायन हाताळायचे, टँकरांचा लवाजमा बरोबर न्यायचा आणि तासभर उघड्यावर उभे राहायचे. तेवढ्या वेळात शत्रूचे विमान डोक्यावर आले म्हणजे संपले. दुप्पट पल्ल्याचे, घन इंधनावर चालणारे, ट्रकवरून येऊन अर्ध्या तासात सुटणारे काही दिले तर हातोहात खपेल, असा हिशेब चिनी अंतराळ उद्योग मंत्रालयाखालच्या संस्थांनी केला. एका संस्थेने ६०० किलोमीटरचे एम-९ हाती घेतले; हेच पुढचे डीएफ-१५. हूबेई प्रांतातल्या सानजियांग या दुसऱ्या संस्थेने ३०० किलोमीटरच्या घरातले, पण जास्त वजन नेणारे एम-११. एकाच सरकारची दोन दुकाने, आणि दोघांची स्पर्धाही चांगलीच. १९८६ मध्ये बीजिंगच्या शस्त्रप्रदर्शनात एम-९ परदेशी पाहुण्यांसमोर मांडले गेले तेव्हा ते अजून एकदाही उडाले नव्हते. पहिले उड्डाण झाले १९८८ मध्ये. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आपले ‘पृथ्वी’ श्रीहरिकोट्याहून पहिल्यांदा झेपावले होते, ते मात्र द्रव इंधनावर.

या जन्मकथेतला बराचसा भाग आपल्याला कळला तो हुआ दी या माणसामुळे. चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात काम केलेला हा तज्ज्ञ पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेला. तिथे प्राध्यापक जॉन लुईस यांच्याबरोबर त्याने १९९२ मध्ये चिनी क्षेपणास्त्रांच्या इतिहासावर एक दीर्घ निबंध लिहिला. आजही या विषयावर लिहिणाऱ्याला त्या निबंधाचा उंबरा ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुढे हुआ दी मायदेशी परतला आणि १९९८ मध्ये त्याला अटक झाली. सरकारी गुपिते फोडल्याच्या आरोपाखाली त्याला दीर्घ तुरुंगवास ठोठावला गेला. वापरलेली माहिती उघड साधनांतलीच होती, असे स्टॅनफर्डमधले त्याचे सहकारी सांगत राहिले. जे यंत्र प्रदर्शनात मांडून विकायला काढले होते त्याचा इतिहास लिहिणे मात्र गुन्हा ठरले.

*

आता यंत्राकडे जरा जवळून पाहू. लांबी ९.१ मीटर, व्यास एक मीटर, वजन सहा टनांच्या थोडे वर. टोकाला सुमारे ५०० किलोचा स्फोटक भाग, म्हणजे वॉरहेड. बाकी जवळजवळ सगळे इंधन. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारे रबरी रसायन यांचा लगदा मोटरीच्या नळकांड्यात ओतून मंद आचेवर दिवसचे दिवस मुरवला की या जातीचे घन इंधन तयार होते. हाताला ते खोडरबरासारखे लागते. खरी कसोटी त्यात भेग न पडू देण्याची. केसाएवढी फट राहिली तरी ज्योत त्या फटीत शिरते, जळण्याचे क्षेत्रफळ एकदम वाढते, आतला दाब चढतो आणि मोटर फुटते. म्हणून प्रत्येक मोटर क्ष-किरणांखालून जाते. चीनने हे तंत्र पाणबुडीतल्या क्षेपणास्त्रासाठी वर्षानुवर्षे घासून घेतले होते. ऑक्टोबर १९८२ मध्ये समुद्राखालून सोडलेले जेएल-१ यशस्वी झाले आणि घन इंधनाचा प्रश्न सुटला. एम-९ त्या शिदोरीवर उभे राहिले.

प्रक्षेपक आठ चाकांचा ट्रक. बोगद्यातून किंवा शेडमधून बाहेर पडायचे, आधीच मोजून ठेवलेल्या जागी उभे राहायचे, जॅक टेकवायचे, क्षेपणास्त्र उभे करायचे, दिशा भरायची, सोडायचे आणि पळायचे. उड्डाण सहा-सात मिनिटांचे. पहिल्या मिनिट-दीड मिनिटात इंधन जळून संपते; उरलेला वेळ ती वस्तू फेकलेल्या दगडासारखीच असते, फक्त हा दगड सुमारे दीडशे किलोमीटर उंच, हवेच्या पलीकडे जाऊन येतो. वॉरहेड मोटरीपासून सुटते आणि रिकामे नळकांडे त्याच्या मागोमाग पडत राहते. खालच्या रडारला मग एकाऐवजी दोन वस्तू दिसतात.

सगळी मेख आहे ती इंधन संपतानाच्या क्षणात. ६०० किलोमीटर जायचे तर त्या क्षणी वेग सेकंदाला सुमारे २.३ किलोमीटर हवा. पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे अकरावीच्या पुस्तकात असते. कागद-पेन्सिल घेऊन गणित मांडले तर दिसते की वेगात सेकंदाला अवघ्या एक मीटरची चूक झाली, तरी पलीकडे वॉरहेड सुमारे अर्धा किलोमीटर इकडे-तिकडे पडते. सेकंदाला एक मीटर म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. आणि घन इंधनाला नळ नसतो. द्रव इंधनाचे इंजिन झडप मिटून बंद करता येते, पेटलेले घन इंधन विझवता येत नाही; नेमक्या वेगाला वॉरहेडच सोडवून घ्यावे लागते.

पहिल्या डीएफ-१५ ची अचूकता ३०० मीटर सांगितली जाई. याचा अर्थ, लक्ष्याभोवती ३०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर डागलेल्यांपैकी निम्मी त्याच्या आत पडणार. उरलेली निम्मी कुठे, ते विचारायचे नसते. वर दिलेल्या गणिताच्या हिशेबात ही कामगिरी बरीच चांगली होती. पण ५०० किलो स्फोटक ३०० मीटरवर पडले तर धावपट्टी शाबूत राहते. अशा शस्त्राने शहर घाबरवता येते, विमानतळ बंद पाडता येत नाही. म्हणजे ते घाबरवण्याचे शस्त्र होते, आणि आधी तेवढ्यासाठीच वापरले गेले.

*

सीरिया हे एम-९ चे मुख्य गिऱ्हाईक मानले जात होते. इस्रायलला आणि अमेरिकेला त्याची कुणकुण लागली आणि वॉशिंग्टनहून बीजिंगवर दबाव सुरू झाला. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर बीजिंगला जाऊन आश्वासन घेऊन आले. सौदा बारगळला.

तोवर घरच्या सैन्याचे डोळे उघडले होते. त्याच वर्षी आखाती युद्धात अमेरिकी विमानांनी आणि नेमक्या बाँबांनी इराकी सैन्याची धूळधाण उडवली, ती चिनी सेनापतींनी पाहिली. चीनकडे तशी विमाने नव्हती आणि दहा-वीस वर्षांत येण्यासारखीही नव्हती. पण याच युद्धात इराकच्या जुनाट स्कडांनी अमेरिकेला घामही फोडला होता. सौदीतल्या धाहरानच्या बराकीवर पडलेल्या एका स्कडने २८ अमेरिकी सैनिक मारले, आणि वाळवंटात लपणारे प्रक्षेपक शोधता शोधता मोठे हवाई दल मेटाकुटीला आले. हवाई दल दुबळे असलेल्या देशाने यातून काय धडा घ्यायचा, ते सांगायला कोणी लागत नव्हते.

चीनच्या क्षेपणास्त्र दलाचे नाव तेव्हा ‘दुसरा तोफखाना’. १ जुलै १९६६ रोजी स्थापन झालेल्या या दलाला मुद्दामच साधेसुधे नाव दिले होते. काम फक्त अण्वस्त्रांचे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला पहिल्यांदाच साधी, अण्वस्त्र नसलेली क्षेपणास्त्रे मिळाली. एम-९ आता डीएफ-१५ या नावाने त्याच्या पदरात आले. डीएफ म्हणजे डाँगफेंग, पूर्वेचा वारा. जियांगशी प्रांतातल्या लेपिंग या गावी त्याची तुकडी उभी राहिली. डोंगराळ मुलूख, आणि तिथून तैवान बरोबर पल्ल्यात.

*

जून १९९५ मध्ये तैवानचे अध्यक्ष ली तेंग-हुई अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात, म्हणजे आपल्या जुन्या कॉलेजात, भाषण करायला गेले. तैवान हा आपलाच प्रांत मानणाऱ्या बीजिंगच्या दृष्टीने हा उघड उपमर्द होता. १८ जुलैला शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेने जाहीर केले की तैवानच्या उत्तरेला समुद्रात क्षेपणास्त्रांची चाचणी होणार आहे, जहाजांनी आणि विमानांनी त्या भागात फिरकू नये. २१ तारखेपासून सहा डीएफ-१५ समुद्रात पडली.

‘चाचणी’ हा शब्द इथे फारच सोयीचा. चाचणी आधी जाहीर करता येते, तिच्यात कोणी मरत नाही, आणि निषेध करायचा तर नेमका कशाचा हे समोरच्याला ठरवावे लागते. आठ महिन्यांनी पुन्हा तोच प्रयोग झाला, या वेळी पडदा जास्त वर घेऊन. २३ मार्च १९९६ रोजी तैवानमध्ये जनतेच्या थेट मतांनी अध्यक्ष निवडला जाणार होता. तैवानच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होते. बीजिंगने ८ ते १५ मार्च हा काळ आणि समुद्रातले दोन चौकोन जाहीर केले. एक चौकोन उत्तरेला कीलुंग बंदरासमोर, दुसरा नैर्ऋत्येला काओशुंगसमोर. तैवानचे पोट या दोन बंदरांवर चालते. काओशुंग तर तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक होते. चौकोन किनाऱ्यापासून काही डझन किलोमीटरवर होते. क्षेपणास्त्रे बंदरावर पडणार नव्हती, पण जहाजाच्या कप्तानाला आणि विमा कंपनीला ती अगदी नीट ऐकू येणार होती. ८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर तीन सुटली. १३ तारखेला चौथे.

तैपेईत लोकांनी डॉलर घ्यायला बँकांसमोर रांगा लावल्या, शेअर बाजार घसरला, काहींनी घरात तांदूळ भरून ठेवले. अमेरिकेने ‘इंडिपेंडन्स’ ही विमानवाहू नौका तैवानच्या बाजूला सरकवली आणि ‘निमित्झ’ला इराणच्या आखाताकडून बोलावून घेतले. ली तेंग-हुई यांनी या सगळ्याचा फायदा उठवला. प्रचारसभांत ते लोकांना सांगत सुटले की घाबरू नका, त्या क्षेपणास्त्रांत दारू नाही, नुसती पोकळ आहेत. मतदान झाले. चार उमेदवारांच्या लढतीत ली यांना ५४ टक्के मते पडली. ज्याला पाडायचे होते त्यालाच बीजिंगने बहुमत मिळवून दिले, असे म्हणायला जागा आहे. निदान धाक दाखवून मते वळत नाहीत एवढे तरी तेव्हा दिसले.

पण वॉरहेडे पोकळ आहेत हे ली यांना कळले कसे? चिनी सुरक्षायंत्रणेलाही हाच प्रश्न पडला. तपासाअंती लिऊ लिआनकुन नावाचा मेजर जनरल पकडला गेला. सैन्याच्या रसद विभागातला हा अधिकारी पैसे घेऊन तैवानला बातम्या पुरवत होता. १९९९ मध्ये त्याला आणि त्याच्या साथीदार अधिकाऱ्याला मृत्युदंड देण्यात आला. हातात आलेले इतके मोठे गुपित ली यांनी सभेतल्या टाळ्यांसाठी उधळले, हा आरोप तैवानमध्ये त्यांच्यावर पुढे वर्षानुवर्षे होत राहिला. मला तो पटतो. निवडणूक त्याशिवायही त्यांनी जिंकलीच असती.

या दोन हप्त्यांतल्या दहा क्षेपणास्त्रांनी मिळून एक माणूस मारला नाही, एक होडी बुडवली नाही. आणि तरी, चिनी बाजूने पाहिले तर, फजिती झाली ती अमेरिकी नौकांपुढे. चिनी सैन्यातल्या एका निवृत्त कर्नलने पुढे हाँगकाँगच्या वृत्तपत्राला सांगितले की मार्चमधल्या दोन क्षेपणास्त्रांचा मागोवा मध्येच सुटला, आणि त्यामागे अमेरिकी जीपीएसच्या संकेतातला व्यत्यय असावा असा त्यांचा तर्क होता. तर्क खरा की खोटा हे बाजूला ठेवू. पण आपले नेम दुसऱ्याच्या उपग्रहांवर अवलंबून ठेवायचे नाहीत, ही गाठ त्यानंतर घट्ट बसली. २००० मध्ये बेइदोउ मालिकेतले पहिले दोन उपग्रह वर गेले. २०१२ मध्ये आशिया-पॅसिफिकपुरती आणि २०२० मध्ये जगभर ही सेवा पुरी झाली. आज तुमच्या-माझ्या फोनमधली चिपही बहुधा जीपीएसबरोबर बेइदोउचे संकेत पकडते.

*

नंतरची पंचवीस वर्षे म्हणजे ३०० मीटरच्या त्या वर्तुळाला आत आत ओढण्याची गोष्ट. डीएफ-१५ए मध्ये वर्तुळ दोन आकडी मीटरांवर आले. डीएफ-१५बी चे वॉरहेड लांब, निमुळते आणि स्वतःचे पंख असलेले आहे; खाली येताना ते वळू शकते आणि शेवटच्या टप्प्यात लक्ष्य हेरून दिशा सुधारते. त्याची अचूकता दहा मीटरांच्या आत असल्याचे अंदाज आहेत. डीएफ-१५सी चे टोक जमिनीत शिरून खोलवरची तळघरे फोडण्यासाठी केलेले आहे. या नव्या टोकांचा आकार पाहून पाश्चात्त्य अभ्यासकांना अमेरिकेच्या पर्शिंग-२ ची आठवण झाली. पर्शिंग-२ स्वतः तेव्हा भंगारात गेले होते. १९८७ च्या करारान्वये अमेरिका आणि सोव्हिएत संघाने ५०० ते ५५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून सुटणारी सगळी क्षेपणास्त्रे मोडीत काढली होती. चीनने त्या करारावर सही केलेली नव्हती, कोणी मागितलीही नव्हती. जगातल्या दोन बड्यांनी जो वर्ग आपणहून सोडून दिला त्याच वर्गात, ६०० किलोमीटरपासून पुढे, चीन निवांतपणे कारखाने चालवत राहिला. अमेरिका २०१९ मध्ये त्या करारातून बाहेर पडली, तेव्हा दिलेल्या कारणांत हेही होते.

संख्याही वाढत होती. डिसेंबर २००९ पर्यंत तैवानसमोर डीएफ-१५ आणि त्याचे धाकटे भावंड डीएफ-११ (म्हणजेच एम-११) मिळून १,०५० ते १,१५० क्षेपणास्त्रे तैनात होती, असे पेंटॅगॉनने २०१० च्या अहवालात नोंदवले. पण माझ्या मते आकड्यापेक्षा महत्त्वाचे गणित अमेरिकेच्या रँड या अभ्याससंस्थेने २००९ मध्ये मांडले. तैवानच्या प्रमुख लढाऊ विमानतळांच्या सगळ्या धावपट्ट्या तोडायला आणि उघड्यावर उभी विमाने जाळायला किती क्षेपणास्त्रे लागतील? अचूकतेनुसार ९० ते २४०. हजारात ती सहज निघत होती. तैवानने हुआलिएनजवळ डोंगर पोखरून विमानांसाठी भुयारे केली आहेत. विमाने आत सुरक्षित राहतील. पण बाहेरची पट्टी फुटली तर ती आतच राहतील. समोर पॅट्रियट आणि स्वदेशी तिएन कुंग बॅटऱ्या आहेत खऱ्या, मात्र अडवणारे एकेक क्षेपणास्त्र येणाऱ्यापेक्षा महाग पडते, आणि येणारी घोळक्याने येतात.

ऑक्टोबर २००९ मध्ये चिनी प्रजासत्ताकाच्या साठाव्या वर्धापनदिनाच्या संचलनात डीएफ-१५बी तिआनानमेन चौकातून गेले. सप्टेंबर २०१५ च्या संचलनात पुन्हा गेले, तेव्हा क्षेपणास्त्रांच्या अंगावर नावे ठळक रोमन अक्षरांत रंगवलेली होती. बीजिंगच्या रस्त्यावर चिनी प्रेक्षकांसमोर रोमन अक्षरे कोणी वाचावीत म्हणून, हे उघड आहे. प्रदर्शनातल्या मालावर लेबल लावायची सवय सुटलेली नव्हती.

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला भेट देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी, ४ तारखेला दुपारी, तैवानच्या मोजणीप्रमाणे ११ क्षेपणास्त्रे सुटली. १९९५-९६ मध्ये आठ महिन्यांत दहा. इथे दोन-अडीच तासांत अकरा. सुटणाऱ्यांत डीएफ-१५बी होती हे चीनने प्रसृत केलेल्या चित्रफितींवरून अभ्यासकांनी ओळखले. जपानच्या संरक्षण मंत्रालयाने नऊ मोजली. त्यातली पाच जपानच्या सागरी आर्थिक क्षेत्रात पडली, आणि चार बहुधा तैवानच्या मुख्य बेटावरून गेली, असे त्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केले. तैवानमध्ये भोंगे वाजलेच नव्हते. आपल्या डोक्यावरून काय गेले हे तैवानी माणसाला टोकियोकडून कळले. तैवानच्या संरक्षण खात्याने मग खुलासा केला की ती वातावरणाच्या बाहेरून गेली, जमिनीला धोका नव्हता, म्हणून इशारा दिला नाही. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. दीडशे किलोमीटर उंचीवर कोणाचे आकाश नसते. पण १९९६ ला पोकळ वॉरहेडांची बातमी लोकांना आरडून सांगणारे सरकार आणि २०२२ ला डोक्यावरून गेलेल्यांविषयी गप्प बसणारे सरकार, यांत तैवान मधल्या काळात काय शिकले ते दिसते. धाक दाखवणाऱ्याला प्रेक्षक लागतो. तैवानने त्या दुपारी प्रेक्षक व्हायचे नाकारले.

मधल्या मधे एक विनोदही झाला. ‘दुसऱ्या तोफखान्या’चे २०१५ च्या अखेरीस ‘रॉकेट फोर्स’ झाले. २०२३ मध्ये त्याचे प्रमुख ली युचाओ यांना एकाएकी हटवण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये ब्लूमबर्गने अमेरिकी गुप्तचरांच्या हवाल्याने बातमी दिली की भ्रष्टाचार इतका मुरला आहे की काही क्षेपणास्त्रांत इंधनाऐवजी पाणी भरलेले सापडले. जगभर टिंगल झाली. चीनकडे द्रव इंधनाची जुनी अवजड क्षेपणास्त्रे आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. पण डीएफ-१५ सारख्या घन इंधनाच्या यंत्रात पाणी ओतायला जागाच नसते. चिनी बोलीत माल ‘पाणी घालून’ देणे म्हणजे भेसळ, आणि गुप्तहेरांनी तो वाक्प्रचार शब्दशः घेतला असावा, असे काही जाणकारांनी सुचवले. बातमीतले पाणी खरे असो की नसो, साफसफाई मात्र खरी होती. ली युचाओंच्या जागी नौदलातून आणलेले वांग हौबिन यांनाही ऑक्टोबर २०२५ मध्ये पक्षातून काढून टाकण्यात आले.

*

आपल्याशी या घराण्याचा संबंध आला तो धाकट्या भावंडामुळे. सीरियाच्या सौद्यात चीनने हात आखडता घेतला, पण एम-११ च्या बाबतीत तसे झाले नाही. त्याचे गिऱ्हाईक पाकिस्तान होते.

इथे ३०० या आकड्याचा महिमा सांगायला हवा. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लगाम घालण्यासाठी १९८७ मध्ये सात श्रीमंत देशांनी जी व्यवस्था उभी केली तिची रेघ आहे ५०० किलो वजन ३०० किलोमीटर नेण्याची. त्याच्या वर विकायचे नाही. चीन या गटात नव्हता आणि आजही नाही. तरी एम-११ चा जाहीर पल्ला होता २८० किलोमीटर, ८०० किलो वजनासकट. वजन कमी केले की पल्ला आपोआप वाढतो हे सांगायला कोणा गुप्तहेराची गरज नव्हती. जून १९९१ मध्ये अमेरिकेने दोन चिनी कंपन्यांवर निर्बंध घातले, मार्च १९९२ मध्ये आश्वासन घेऊन उठवले, आणि त्या वर्षअखेरीस माल पाकिस्तानात गेल्याचा ठपका ठेवून ऑगस्ट १९९३ मध्ये पुन्हा लादले. ऑक्टोबर १९९४ मध्ये चीनने एक सूत्र मान्य केले : क्षेपणास्त्र प्रत्यक्षात किती वजन घेऊन किती दूर जाते ते पाहायचे नाही, अंगी क्षमता किती आहे ते पाहायचे. तोवर पाकिस्तानातल्या सरगोध्याला खोकी पोचल्याच्या बातम्या पाश्चात्त्य वृत्तपत्रांत येऊन गेल्या होत्या.

या धामधुमीच्या काळात, जून १९९१ पासून मार्च १९९३ पर्यंत, भारताचे संरक्षणमंत्री होते शरद पवार. जुलै १९९२ मध्ये ते चीनला गेले. भारतीय संरक्षणमंत्र्याची ती पहिलीच चीनभेट. दोन सैन्यांमधला ताण सैल करायची बोलणी एकीकडे, आणि शेजारच्या दुकानातून पाकिस्तानकडे जाणारी खोकी दुसरीकडे, असा तो काळ होता. १९६२ नंतर गोठलेले संबंध वितळवायचे तर खोक्यांचा विषय फार ताणता येत नव्हता. पुढच्या वर्षी सीमेवर शांतता राखण्याचा करार झाला.

पाकिस्तानने मे २००२ मध्ये ‘गझनवी’ डागले. जाहीर पल्ला २९० किलोमीटर. त्याआधी एप्रिल १९९९ मध्ये, आपल्या अग्नी-२ नंतर चारच दिवसांनी, घन इंधनाचे ‘शाहीन-१’ उडाले होते. पाकिस्तान दोन्हींना स्वदेशी म्हणतो. पाश्चात्त्य अभ्यासक पहिल्याचे मूळ एम-११ मध्ये आणि दुसऱ्याचे एम-९ मध्ये शोधतात. शाहीनचा व्यासही एक मीटरच आहे.

भारताकडे या वर्गाचे, घन इंधनाचे आणि अण्वस्त्राचा शिक्का नसलेले उत्तर बराच काळ नव्हते. ल्हासापासून गुवाहाटी हवाई रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आणि तेजपूर त्याहून जवळ, हे नकाशावर फूटपट्टी ठेवणाऱ्या कोणालाही दिसते. ‘प्रलय’ची पहिली चाचणी झाली २२ डिसेंबर २०२१ रोजी, ओडिशाच्या किनाऱ्यावर. पल्ला १५० ते ५०० किलोमीटर, घन इंधन, येताना मध्येच वाट वाकडी करण्याची सोय. जुलै २०२५ मध्ये लागोपाठ दोन दिवस ते पुन्हा डागले गेले, तेव्हा सरकारी पत्रकात ज्या प्रयोगशाळांची नावे होती त्यांत तीन पुण्याच्या : पाषाणची शस्त्रास्त्र संशोधन संस्था, सुतारवाडीची उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आणि आळंदी रस्त्यावरची, दिघीची अभियांत्रिकी संस्था. अकोल्या-लातुरातून आलेली कितीतरी पोरे या तीन कुंपणांआड नोकरीला लागतात आणि घरी फक्त ‘डीआरडीओत आहे’ एवढेच सांगतात.

बीजिंगमध्ये आता डीएफ-१५ ची पाळी सरत आली आहे. डीएफ-१६ जास्त लांब जाते, २०१९ च्या संचलनात दिसलेले डीएफ-१७ वातावरणाच्या कडेने सरपटत जाते आणि अडवायला आणखी अवघड आहे. जवळच्या लक्ष्यांसाठी भूदलाच्या नव्या लांब पल्ल्याच्या रॉकेट तोफा स्वस्त पडतात.

आणि शस्त्रे विकायला आता दिल्लीही बसली आहे. चीनच्या जहाजांशी दक्षिण चीन समुद्रात रोज झगडणाऱ्या फिलिपिन्सने जानेवारी २०२२ मध्ये ब्रह्मोस विकत घ्यायचा करार केला, ३७ कोटी ५० लाख डॉलरचा. पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोचली. ब्रह्मोस हे हवेतून विमानासारखे जाणारे क्षेपणास्त्र, डीएफ-१५ च्या जातीचे नव्हे. भारत २०१६ मध्ये ३०० किलोमीटरची रेघ आखणाऱ्या त्या निर्यात-व्यवस्थेचा सदस्य झाला आणि त्यानंतर घरच्या सैन्यासाठीच्या ब्रह्मोसचा पल्ला चांगलाच वाढवण्यात आला. फिलिपिन्सला दिलेल्या ब्रह्मोसचा जाहीर पल्ला २९० किलोमीटर आहे.